भिंतीवरचा नांगर

आमच्या गावाकडच्या घराची पूर्वेची भिंत चावडीसमोर येते. तिच्यावर फार वर्षांपूर्वी गेरूने काढलेला लोखंडी नांगर अजून ओळखू येतो. फाळ, माती उलथवणारे पाते, पुढचे लहान चाक, साखळी अडकवायचा आकडा असे सगळे जागच्या जागी आहे. वर कारखान्याचे जे नाव होते, ते मात्र पावसाळ्यांनी धुऊन नेले आहे. जवळ जाऊन पाहिले की एक वेगळी गोष्ट लक्षात येते. या नांगराला एकाच ठिकाणाहून निघालेली दोन रुमणी, म्हणजे हातात धरायचे दांडे, आहेत, एक आखूड आणि त्याच्यावरून काढलेले दुसरे हातभर लांब.

ती हकिगत वडील सांगत. रंगारी शहरातून आला होता. गेरू, नीळ आणि सरस भिजवलेले डबे, दोन-तीन कुंचले आणि एक दोरी एवढाच त्याचा संसार. ती दोरी निळीत बुडवून दोघांनी भिंतीवर ताणून धरायची आणि मधोमध चिमटीत धरून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटे आणि तिच्यावर अक्षरे बसत. भिंत फुकट रंगवून मिळते म्हणून आजीने होकार दिला होता. संध्याकाळी आजोबा रानातून परत आले. त्यांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे वरच्या मजकुराकडे त्यांनी पाहिलेही नाही. ते नांगराच्या चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘पाव्हणं, ह्ये रुमणं धरून माणूस चालायचा का रांगायचा?’’ रंगाऱ्याला प्रथम काही कळेना. मग आजोबांनी भिंतीशी उभे राहून, कमरेत न वाकता हात जिथे पोहोचतो ती जागा बोटाने दाखवली आणि त्याने मुकाट्याने तिथपर्यंत नवे रुमणे ओढले. खालचे आखूड रुमणे चुन्याने झाकले होते. चुना गेला तसे तेही वर आले.

गावात जाहिरात पहिल्यांदा आली तेव्हा तिची गाठ कोणाशी पडली, हे मला त्या दोन रुमण्यांत दिसते. ज्याला ती वस्तू दिवसभर हातात धरायची होती, तो माणूस तिच्यासमोर उभा राहून तिला प्रश्न विचारत होता.

त्याआधी शेकडो वर्षे आमच्याकडच्या शेतकरी गावाला वस्तूंची जाहिरात लागलीच नव्हती. सुतार औत भरून देई, लोहार फाळ शेवटून, म्हणजे त्याला टोक काढून, देई, चांभार मोट आणि नाडा शिवून देई, कुंभार गाडगी-मडकी पुरवी, आणि सुगीत खळ्यावर ज्याच्या त्याच्या वाट्याचे धान्य बलुते म्हणून त्याच्या पदरात पडे. लोहाराने आपले फाळ किती टणक आहेत हे ओरडून सांगावे, अशी त्या व्यवस्थेत जागाच नव्हती. फाळ पहिल्याच तासाला, म्हणजे नांगराच्या पहिल्याच ओळीला, बोथटला तर शेतकरी खांद्यावर टाकून तो भात्यापाशी आणत असे आणि काय बोलायचे ते तिथेच बोलत असे. करणारा आणि वापरणारा एकाच गावात राहत होते. पाणवठे मात्र वेगळे होते, हेही लिहिलेच पाहिजे. शिवाय पर्याय फक्त गिऱ्हाइकालाच नव्हता असे नाही, बलुतेदारालाही नव्हता. पिकले तर मिळायचे, आणि मिळेल ते घ्यायचे.

गावाला ठाऊक असलेली एकच जाहीर वाणी होती, ती दवंडीची. सारा भरायची तारीख, साथीच्या दिवसांतली ताकीद, जत्रेतल्या तमाशाची खबर, चुकलेली म्हैस अशा सगळ्या गोष्टी चौकाचौकांत थांबून सांगितल्या जात आणि हलगी वाजली की उंबऱ्याच्या आतली माणसेही कान देत. ती दवंडी देण्याचे काम बहुतेक गावांत महाराकडे असे. ज्याचा आवाज सगळ्या गावाने ऐकायचा, त्याला देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती. वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरेने आलेल्या गावकामाच्या, नावाखाली रात्री-अपरात्री त्याला कामाला जुंपले जाई. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते यासाठीच, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला त्यानंतर तीस वर्षे, म्हणजे १९५८ साल, उजाडावे लागले. जुन्या गावाच्या आठवणी गोड करून सांगणाऱ्यांत मला बसायचे नाही. हलगीचा आवाज मलाही आवडतो, पण तो कोणाच्या हातून आणि कोणत्या बोलीवर येत होता, हे विसरून तो आवडून घेणे मला जमत नाही.

गावाबाहेरून येणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. सुया, मणी, पोत विकणाऱ्या बाया, कल्हईवाला, रस्त्याकडेला पाल ठोकून विळे-खुरपी घडवणारे घिसाडी, कासार आणि जात्याला टाकी लावणारी, म्हणजे त्याचे गुळगुळीत झालेले दगड छिन्नीने टोचून देणारी. या प्रत्येकाची आरोळी ठरलेली असे आणि ती मालाइतकीच ओळखीची असे. आजी सांगे, की टाकीवालीचा आवाज वेशीपाशी आला की घरातली जाती आपोआप रिकामी होत. त्या आरोळीत ‘उत्तम’, ‘खात्रीचे’, ‘अस्सल’ असा एकही शब्द नसे; मी आले आहे, एवढेच ती सांगे. गेल्या वर्षी हिने टाकलेल्या टाकीने पीठ कसे पडले, हे बायकांना पाठ असे.

आणि जनावरांच्या बाजारात तर किंमत सांगण्याऐवजी झाकूनच ठेवत. आमच्या भागात खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या जत्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथे दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचे हात धोतराच्या सोग्याखाली किंवा रुमालाखाली धरून बोटे दाबत, आणि कोणते बोट कितीदा दाबले यावरून आकडा कळे. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी भाव त्या दोन पंजांपुरताच राही. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून हे पाहिले आहे. बैल मात्र उघड्यावर असे. त्याचे दात पाहत, त्याला चालवून पाहत, शेपटीला हात लावून तो बुजतो कसा हे पाहत, गाडीला जुंपून पाहत. माल उघडा आणि भाव झाकलेला, अशी ती रीत होती. भिंतीवरच्या जाहिरातीने तिची बरोबर उलटापालट केली.

दूरच्या कारखान्यातला माल आगगाडीने यायला लागला तेव्हा पहिल्यांदा हा प्रश्न उभा राहिला, की करणाऱ्याचे तोंड जिथे दिसत नाही, तिथे विश्वास कोणावर ठेवायचा. टपाल खात्याने १८७७ साली व्ही. पी. सुरू केली आणि खेड्यातला माणूस मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक होऊ शकला. पार्सल दारात आले की मगच पैसे, तेही पोस्टमनजवळ. आमच्या माळ्यावर जुन्या पंचांगांचा एक गठ्ठा आहे. त्यांच्या मागच्या पानांवर घड्याळे, केशतेले, सुरमे, शक्तीची औषधे आणि पोटदुखीच्या गोळ्या अशी दाटी आहे. पंचांग घरात वर्षभर राही, पेरणीचे नक्षत्र बघायला दहा वेळा उघडले जाई, आणि ज्याला वाचता येई तो एकटा वाचत नसे, पारावर मोठ्याने वाची. तेव्हा एका पानाची जाहिरात गावभर होई. आजीच्या तोंडी ‘डोंगऱ्यांचं बालामृत’ हे नाव माझ्या लहानपणापर्यंत होते. बाटलीवरच्या गुटगुटीत बाळाचे तिला कौतुक होते. आमच्या घरात तीन मुले पाळण्यातच गेली होती, हे लक्षात घेतले की ते गुटगुटीत बाळ तिला काय दिसत असेल ते कळते. औषधांच्या त्या सगळ्या जाहिराती अशाच जखमेवर बोट ठेवून उभ्या असत, आणि त्यांतल्या कोणत्या खऱ्या व कोणत्या पोकळ हे सांगणारा डॉक्टर वीस-वीस मैलांत नसे. मला त्या पानांचा राग येतो तो यासाठी.

चहाची गोष्ट निराळी. चहाच्या निर्यातीवर १९०३ पासून कर बसवून त्यातून चहाच्या प्रचारासाठी निधी उभारला गेला, आणि पुढच्या काही दशकांत हा प्रचार रेल्वेच्या फलाटांवरून आठवडी बाजारांपर्यंत आला. आजीने पहिला चहा बाजारात, फुकट, कोणा अनोळखी माणसाच्या किटलीतून घेतला होता. दूध-गुळात उकळलेले ते पाणी तिला आवडले नाही, पण सोबत दिलेली पुडी तिने घरी आणली. दोन वर्षांत घरात चहाशिवाय दिवस उजाडेनासा झाला. शेतकऱ्याच्या घरचे ताक शिळ्या भाकरीसोबतचे मानाचे स्थान कधी सोडून गेले, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

पण या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती लोखंडी नांगराची गोष्ट, आणि ती आमच्या शेजारच्या मुलखात घडली म्हणून नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले काही नांगर खपायला त्यांना दोन वर्षे लागली असे सांगितले जाते. आज वाचणाऱ्याला ती समजूत हसण्यासारखी वाटेल. मला तसे वाटत नाही. लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असतो, हे शेतकऱ्याला ठाऊक नव्हते थोडेच? त्याला खरी धास्ती दुसरी होती. जमीन त्याच्या हातात एकदाच येते, एका हंगामाला चुकली तर वर्ष जाते, सावकार दारात उभा राहतो. अशा माणसाने नव्या अवजाराला नाही म्हणण्यासाठी जे कारण हाताशी होते ते पुढे केले. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

मग तो नांगर चालला कसा? काळ्या रानात हरळी आणि कुंद्याचे तण माजले की लाकडी नांगराने ते निघत नाही. मुळ्या खोल असतात, आणि वरून फाडले तर तुकड्या-तुकड्याला नवे कोंब फुटतात. लोखंडी नांगर सहा-आठ बैलांनी ओढला तर त्या मुळ्या खालून उपटून, ढेकळासकट उलथ्या करून उन्हात टाकतो. हे कोणी लिहून पटले नसते. ज्याच्या रानात ते घडले त्याच्या बांधाला बांध असलेल्याने ते पाहिले, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून एक नांगर आणला. आमच्याकडे पहिला लोखंडी नांगर असाच चार घरांनी वर्गणी काढून, बैल एकत्र करून, आळीपाळीने वापरला. आजोबांना तो पटला कधी, याचे वडिलांनी दिलेले उत्तर मला आठवते. ‘‘कुंद्याची गड्डी हातावर घेऊन आला आणि आईपुढं ठेवली.’’ वाळलेली, हातभर मुळ्यांची गड्डी. त्या घरात नांगराची तेवढी एकच जाहिरात झाली.

१९१० साली किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला, आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक आणि शेंगा फोडायची यंत्रे आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात मोठी गोष्ट ही होती, की कारखाना त्याच्या बैलगाडीच्या टप्प्यात आला. फाळ झिजला, सुटा भाग मोडला, तर तो घेऊन जाण्यासारखी जागा झाली. बलुत्यातल्या लोहाराशी जे नाते होते त्याची एक नवी, लांबची आवृत्ती तयार झाली असे मला वाटते. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातूनही लोखंडी नांगर निघू लागले, आणि कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांच्या काचकारखान्यातून प्रभाकर कंदील खेडोपाडी गेला. आमच्या गोठ्यातल्या खुंटीवर तो मी पाहिला आहे. काच तडकली तर बाजारात तीच काच मिळते, ही त्याची थोरवी आजी सांगे.

किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांना, आडत्यांना द्यावी हा आरंभीचा हेतू. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ हे मराठीतले नामांकित मासिक झाले, आणि १९३० साली त्याच घरातून ‘स्त्री’ निघाले. नांगराची माहिती द्यायला निघालेला कागद पुढे घराघरांत विधवाविवाहापासून बुवाबाजीपर्यंत वाद घालू लागला, ही आपल्या मुलखातली विलक्षण घटना आहे. जाहिरात वाचणाऱ्याला अडाणी न समजता त्याच्याशी बोलायचे ठरवले, तर कुठवर जाता येते ते त्यात दिसते.

स्वातंत्र्यानंतर भिंती भरत गेल्या. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला, इंजिने आली, विड्या आणि तंबाखू आली, खतांतले नत्र, स्फुरद, पालाश सांगणारे तीन-तीन आकडे आले. ‘१५:१५:१५’ ही अक्षरे मी शाळेत जायच्या आधी ओळखायला शिकलो. रात्री देवळासमोर पांढरा पडदा लावून खताच्या गाडीतून सिनेमा दाखवत. १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती वाजू लागल्या आणि त्यांच्या चाली भांगलणाऱ्या बायकांच्या तोंडी बसल्या. मात्र आता भिंतीसमोर उभे राहून रुमणे वाढवून घेणारा माणूस उरला नव्हता. खताच्या गोणीतले किंवा बियाण्याच्या पिशवीतले नुसत्या डोळ्यांनी काय तपासणार? कुंद्याची गड्डी हातावर घेऊन दाखवता येते, बियाण्यातला जीव दाखवता येत नाही.

मी सहावीत असताना आमच्या घरी हे घडले. जीपगाडीला कर्णा बांधून एका कंपनीची माणसे आली. हायब्रीड ज्वारीचे बियाणे. कणसाचे रंगीत चित्र असलेला कागद त्यांनी प्रत्येक घरात दिला, आणि आमच्याच भिंतीवर, नांगराच्या शेजारी, तेच कणीस रंगवले. वडील शिकलेले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, पिशवीवरची निळी चिठ्ठी वाचली, तिच्यावर उगवण ७५ टक्के लिहिलेली पाहिली, आणि पाच एकरांचे बियाणे घेतले. मृग चांगला लागला. आठव्या दिवशी आम्ही रानात गेलो तेव्हा तासांत हाताच्या अंतरावर एखादा कोंब होता, आणि मधली माती गुळगुळीत. वडील एका तासाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून चालत गेले. मधून मधून ते माती उकरीत आणि दाणा वर काढून बोटांनी दाबीत. दाण्याचे पीठ होत होते. मी त्यांच्या मागे होतो. ते बोलले नाहीत, आणि मलाही काही विचारायचा धीर झाला नाही.

दुबार पेरणीला आईच्या पाटल्या गेल्या. दुकानदाराने कंपनीकडे बोट दाखवले, कंपनीच्या माणसाने पावसाकडे आणि पेरणीच्या खोलीकडे. जीप पुन्हा आली नाही. बियाण्यांचा कायदा १९६६ पासून होता, पण तो तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेला आम्हांला दिसला नाही. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले, तेव्हा ती बातमी मी वडिलांना फोनवरून वाचून दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि तारीख विचारून घेतली.

त्या वर्षी घडलेली एक गोष्ट मात्र वडिलांनी पुढे कधी सोडली नाही. उरलेल्या बियाण्यातून त्यांनी शंभर दाणे मोजून घेतले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडले, गोणपाट गुंडाळून पडवीत ठेवले आणि रोज त्यावर पाणी शिंपडले. पाचव्या दिवशी उलगडून कोंब मोजले. एकतीस. निळ्या चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने तारीख आणि तो आकडा लिहिला, आणि ती चिठ्ठी देवळीत, पंचांगाच्या खाली ठेवली. त्यानंतर दर हंगामात, माल कोणाचाही असो, शंभर दाणे गोणपाटात गेल्याशिवाय पेरणीची पाभर रानात गेली नाही. शेजारची माणसे आपापल्या पिशव्यांतले मूठभर दाणे घेऊन यायला लागली, तेव्हा पडवीत गोणपाटांची रांग लागे आणि कोणते कोणाचे हे कळावे म्हणून आई त्यांना वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधी.

आता शेत धाकटा भाऊ पाहतो. बियाण्याच्या जाहिराती त्याच्या फोनवर येतात. हिरवेगार रान, हसणारा शेतकरी, मागे गाणे. यंदाच्या मे महिन्यात मी गावी गेलो तेव्हा सोयाबीनची तयारी चालली होती. भिंतीवरचे ज्वारीचे कणीस पूर्ण गेले आहे, नांगर तेवढा राहिला आहे. पडवीत पाच गोणपाटे गुंडाळून ठेवलेली होती, आणि प्रत्येकाला एकेक रंगीत चिंधी. भावाची मुलगी गुडघे टेकून त्यांतले तांबड्या चिंधीचे उलगडत होती. मी बोलायला गेलो तर तिने हात वर करून मला थांबवले, कारण ती मोजत होती, आणि त्र्याहत्तरावर आली होती.